लेथखालचं दूध

ह्यांच्या जाण्याची बातमी मला गफूरभाईने दिली. म्हणजे बघा, नवरा माझा, आणि आधी कळलं ते पाटोद्याच्या माणसाला! हे सकाळच्या एसटीने नेकनूरहून बीडला गेले होते, लेथचं टूल आणायला. दुकानाच्या पायरीवर टेकले ते उठलेच नाहीत. दुकानदाराने ह्यांच्या खिशातला मोबाइल काढून शेवटचा नंबर लावला, तर तो गफूरभाईचा. अख्ख्या प्रवासात हे त्याच्याशीच बोलत होते. मला निघताना म्हणाले होते, “येतो.” एवढंच... “भाभी, अप्पा गेला हो,” असं तो फोनवर हमसून म्हणाला, तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? याला कसं आधी कळलं! रडू मागून आलं. आता भाचा म्हणतो, मामी, तुम्ही शाळेत मराठी शिकवलंय, पेपरच्या पुरवणीसाठी मामांवर चार चांगले शब्द लिहा. लिहिते. पण चांगलेच येतील याची हमी नाही.

आमच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये ह्यांचं लेथ मशीन. मोटारीचे शाफ्ट, ट्रॅक्टरच्या पिना, रसवंतीच्या चरकाचे रोलर, असली कामं पंचक्रोशीतून यायची. लोखंड कापताना टूल तापतं, म्हणून वरून कुलंटची धार सोडतात. पाण्यात एक तेल कालवलं की ते दुधासारखं पांढरंफेक होतं, तेच कुलंट. धार खाली टाकीत पडते आणि पंपाने पुन्हा वर जाते. त्यात लोखंडाचा कीस पडतो, मशीनचं वंगण उतरतं, आणि काही आठवड्यांनी ते नासून सडक्या अंड्यासारखं घाण मारायला लागतं. बाकीचे मिस्त्री ते सरळ गटारात ओतून नवं कालवतात. हे ओतत नसत. “बोअर इथंच हाय. आज वतलेलं उद्या आपल्याच बादलीत येईल,” म्हणायचे. मग रविवारी ह्यांचा सोहळा चालायचा. वर तरंगणाऱ्या वंगणाची साय वाटीने काढायची, जुन्या स्पीकरचं चुंबक फिरवून बारीक कीस ओढायचा, उरलेलं कापडातून गाळायचं, आणि शेवटी माशांच्या काचपेटीतला छोटा पंप आत सोडून बुडबुडे चालू ठेवायचे. हवा लागली की ते नासत नाही म्हणे. लाइट गेली की माझी ताकाची रवी नेऊन घुसळत बसायचे. रवी गेली ती गेलीच, परत स्वयंपाकघरात घ्यायची माझी काय हिंमत!

मी त्या तेलावर जळायचे. हसू नका, खरंच जळायचे. उन्हाळ्यात आमच्याकडे पाण्याची काय दशा असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. प्यायला जार विकत आणायचा, वापरायला टँकर. आणि हे जारमधलं पाणी तांब्याने मोजून कुलंटमध्ये घालायचे, कारण बोअरच्या जड पाण्याने त्याचा चोथा होतो. आम्ही घोट घोट पुरवून प्यायचं आणि त्या दुधाचे लाड चाललेले! एकदा मी चिडून म्हणाले, “मी आजारी पडले तर एवढी काळजी घ्याल का हो?” तर हे म्हणाले, “तू कावून आजारी पडशील?” आणि गेले शेडमध्ये. सकाळी उठले की चहाच्या आधी टाकीत बोट बुडवून नाकाला लावायचे. मला ताप आहे का हे बघायला त्यांनी कधी कपाळाला हात लावल्याचं आठवत नाही.

पण खरी आग लागली ती साडीवरून. गाळायला जुनं सुती कापड लागायचं. मी शाळेत नेसायला कायम सुतीच साड्या घ्यायचे, कडक, कांजी केलेल्या. त्यातल्या जुन्या गोळा करून एक गठ्ठा ह्यांच्यापुढे ठेवला, तर हात लावून बाजूला सारला आणि आष्टीला आपल्या बहिणीला फोन! “तुझी जुनी लुगडी असली तर धाड.” नणंदबाई कौतुकाने पिशवी भरून पाठवायच्या आणि लग्नाकार्यात चारचौघींत सांगायच्या, “आमच्या अप्पाला माझ्याच लुगड्याशिवाय चालत न्हाई.” माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कारण विचारायला मी गेले नाही, आणि सांगायला हे आले नाहीत. आमच्या घरात अशा पुष्कळ गोष्टी तशाच राहिल्या.

आणि गफूरभाई. त्याचंही पाटोद्याला घरातच लेथ. दिवस मावळला की फोन ठरलेला. मी भाकरी थापत असायचे आणि शेडमधून आवाज यायचा, “काय बे, वास मारतंय का आज? चुंबक फिरवलास का न्हाई, आळशा!” आणि मग हसणं. लई मोठ्याने, पोट धरून. ते हसणं माझ्या वाट्याला कधी आलं नाही हो. जेवताना माझ्याशी दोन शब्द, “वाढ” आणि “पुरे”. वाईट माणूस नव्हता. माझा पगार कधी मागितला नाही, कधी आवाज चढवला नाही. पण बहिणीला लुगड्याचा मान, दोस्ताला हसणं, तेलाला जारचं पाणी. माझं एकटीचं म्हणावं असं ह्यांच्यातलं काय होतं? संसारभर मी तेच शोधत राहिले. वाटायचं, म्हातारपणी दोघंच उरू तेव्हा सापडेल...

माती दिली. घर माणसांनी भरलं. शेडकडे कुणाचं लक्ष नाही. कुणीतरी मोबाइल चार्जिंगला लावायला त्या छोट्या पंपाची पिन काढली. व्हायचं तेच झालं. दुखवट्याला आलेल्या बायका नाकाला पदर लावून एकमेकींकडे बघायला लागल्या. मला लगेच कळलं. दीर म्हणाले, “वहिनी, ते घाण पाणी गटारात वतून देतो.” मी म्हणाले, “हात लावायचा नाही.” इतक्या जोरात म्हणाले की बाहेर बसलेली माणसं दारात येऊन बघायला लागली. ज्या तेलाचा जन्मभर राग केला त्याचा असा पुळका मला का आला, देव जाणे.

त्याच आठवड्यात गफूरभाई आला. माझ्याशी दोन शब्द बोलला आणि थेट शेडमध्ये. मी मागोमाग गेले. त्याने टाकीत बोट बुडवलं, नाकाला लावलं, अगदी ह्यांच्यासारखं, आणि तिथंच खाली बसून लहान लेकरासारखा रडला. मी दारात कोरड्या डोळ्यांनी उभी. त्या शेडमध्ये अजून मी रडले नव्हते, आणि हा रडून मोकळा! मग तोंड पुसून म्हणाला, “भाभी, हे मला द्या. अप्पाच्या हातचं हाय. मी साफ करतो, माझ्या मशीनवर चालवतो. त्येवढंच सोबतीला राहील.” मी विचारलं, “गफूरभाई, इतकं बोलायचात रोज. माझं कधी काही बोलायचे का हे?” तो बिचारा खोटं बोलणाऱ्यातला नाही. खाली बघत म्हणाला, “घरचं न्हाई भाभी. घरचं आमी कधीच न्हाई बोललो.” मी म्हणाले, “मग तेल मिळायचं नाही. मीच बघते त्याचं काय करायचं ते.” तो मान हलवून निघून गेला.

बघते म्हणाले खरं, पण मला येत काय होतं! गफूरला विचारलं असतं तर पाच मिनिटांत सांगितलं असतं, पण जीव गेला तरी त्याला विचारणार नव्हते. साय काढली, चुंबक फिरवलं. इतकी वर्षं दारातून बघून तेवढं डोळ्यांत बसलं होतं. नणंदबाईंचं लुगडं तिथंच खुंटीला होतं. ते मी काढून ठेवलं आणि माझी निळी साडी आणली. घडी करून टाकीवर ताणली, ओतायला सुरुवात केली, तर साडी बुळबुळीत! बोटांना चिकट पेज लागायला लागली. गाळलेल्या दुधात पांढऱ्या गाठी. आधी कळेना. मग हात धुताना एकदम उमगलं... कांजी! वर्षानुवर्षांची कांजी साडीत मुरलेली, ती तेलात उतरली तर तेल नासणारच. म्हणून बाजूला सारलेला तो गठ्ठा. बहीण लाडकी होती म्हणून नव्हे, तिची लुगडी बिनकांजीची होती म्हणून! मी शेडमध्ये एकटीच ओरडले, “अहो, एवढं सांगायला तोंड नव्हतं का तुम्हाला?” आणि तिथंच, त्या घाणीत बसून, मी काय रडले म्हणता. इतक्या दिवसांचं सगळं.

मग ती साडी गरम पाण्यात उकळून, चोळून, पार मऊसूत करून आणली. पुन्हा गाळलं. वरचं निम्मं नितळ घेतलं, तळाचा गाळ खड्ड्यात सुकवायला ठेवला, डब्यातलं नवं तेल जारच्या पाण्यात कालवून भर घातली, आणि पंप लावला. वास हळूहळू ओसरला. मशीन मला चालवता येत नाही. शेजारच्या गल्लीतला एक मिस्त्री अधूनमधून येऊन त्यावर काम करतो. तेल मात्र मीच सांभाळते, त्याला हात लावू देत नाही.

परवा गफूरभाई पुन्हा येऊन गेला. टाकीत बोट बुडवलं, नाकाला लावलं आणि माझ्याकडे बघतच राहिला. निळ्या साडीकडे बघितलं, तिचा पोत बोटांनी चाचपला, पुन्हा तेलाकडे बघितलं. “आँ? अप्पाचंसुद्धा इतकं नितळ नव्हतं. कसं केलंत, भाभी? सांगा की.” त्याच्या डोळ्यांत जे दिसलं ते मी बरोबर ओळखलं. माझ्या ओळखीचंच होतं ते.

“न्हाई सांगणार,” मी म्हणाले. “ते आमच्या दोघांतलं हाय.”