खाली कोण?

भुतांच्या गोष्टी सांगून मी आजवर किती फुकट चहा प्यायलोय, त्याला गणती नाही. पण त्या सगळ्या थापा! माझा स्वतःचा असल्या प्रकारांवर काडीचाही विश्वास नव्हता. ही एकच गोष्ट मी रचलेली नाही... आणि नेमकी हीच ऐकून आमची ही म्हणते, "यात तुम्ही काहीच रंगवलं नाहीत हो." तिथेच काय ते समजा!

वर्सोवा. पंच्याऐंशीच्या आसपासचे थंडीचे दिवस. खाडीवर मासेमारीच्या बोटींसाठी नवी जेट्टी बांधणं चालू होतं. मी कांदिवलीहून यायचो – साइट सुपरवायझर, नोकरी कच्ची. माझ्याकडे दोन खाती – आवाज आणि सेफ्टी.

आवाज म्हणजे पाइल, जेट्टीचे खांब, खाडीच्या तळात ठोकायचा हॅमर. धाड... धाड... कोळीवाड्यातली भांडी फळीवर नाचायची. रात्रभर समुद्रावर राबून आलेली माणसं दुपारी झोपणार कशी? म्हणून गावाला शब्द दिला होता – बारा वाजले की हॅमर बंद. आणि सेफ्टी म्हणजे, ओहोटीला बायका कालवं काढत थेट जेट्टीखाली शिरायच्या. वरून लोखंडाचा एखादा तुकडा जरी पडला तरी खेळ खलास. म्हणून हॅमर सुरू करण्याआधी मी कडेला जाऊन तीनदा ओरडायचं. उत्तर आलं नाही, तरच हिरवा बावटा.

आता नुसतं ओरडण्यात काय मजा? मला नाटकाची हौस! छाती फुगवून गर्जायचो, "वरून सामंत बोलतोय! खाली कोण?"

रखवालदार हरीदादा, गावातलाच कोळी, रोज हसायचा. "तुजे आवाजानं मावरा पलाला रे, सामंत!"

त्या दिवशी अकरा वाजले होते. आमचे इंजिनियर दिघेसाहेब सकाळपासून तापलेले. "पाणी आज मस्त उतरलंय. हा पाइल बाराच्या आत बसला नाही, तर उद्यापासून येऊ नकोस."

कडेला गेलो. "वरून सामंत बोलतोय! खाली कोण?"

"मी."

पुरुषाचा आवाज. शांत, ओळखीचा असल्यासारखा. आपण आतून 'कोण?' विचारल्यावर घरचं माणूस दाराबाहेरून म्हणतं ना, तसा.

हरीदादाचं हसू गेलं. "कोनतरी हाय खाली."

पुन्हा ओरडलो. पुन्हा, "मी."

हरीदादा शिडीवरून उतरला, प्रत्येक पाइलमागे बघून आला. "कोनी नाय रे. चिखलात पाय पन उमटला नाय."

तिसऱ्यांदा हाक दिली... "मी."

"अरे, आवाज घुमतो तिथे!" दिघेसाहेब कडाडले. "बावटा दाखव!"

"घुमला तर 'कोण' ऐकू येईल, साहेब. 'मी' कसं येईल?"

"दाखवतोस, की चालता होतोस?"

नोकरी डोळ्यांसमोर लटकत होती. पण खाली खरंच कोणी असला तर? हात वर जाईना. साहेबांनी बावटा हिसकावला, मला मागे ढकललं आणि तरातरा कडेला जाऊन वाकले. "कोण आहे रे खाली?"

मागे आम्हाला काहीच ऐकू आलं नाही. साहेब मात्र वाकलेलेच राहिले... मग हळूच सरळ झाले. बावटा काठीभोवती नीट गुंडाळला.

"सामंत, बारा वाजले ना?"

माझ्या घड्याळात अकरा वीस.

"वाजले, साहेब."

"मग बंद. गावाला शब्द दिलाय आपण."

दुसऱ्या दिवशी तीनदा विचारलं. उत्तर नाही. पाइल सुखरूप बसला. ना दोर तुटला, ना कोणी बुडालं. माझी नोकरी टिकली, आणि साहेबांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

चार-पाच वर्षांनी मुलुंडला एका लग्नात ते भेटले. मी त्यांना कोपऱ्यात गाठलंच. "साहेब, त्या दिवशी काय ऐकलंत?"

हातातल्या जिलबीकडे बघत म्हणाले, "तुला 'मी' म्हणाला. मला उलट विचारलंन, 'वर कोण?'"

"मग? सांगितलंत?"

"वेडा की काय! अशाला नाव सांगतात?"

दोघेही खदखदून हसलो. माझं हसू मात्र मध्येच विरलं.

तो आवाज कोणाचा, त्याला काय हवं होतं – मला आजही सांगता येत नाही. एवढंच की साहेबांनी त्याला नाव सांगितलं नाही. मी मात्र चार महिने रोज, छाती फुगवून, तीन-तीनदा सांगत होतो.