दुधाचा आकडा खिडकीबाहेर

मंडळी, आज माझा सकाळचा चहा गार झाला, याची इतिहासानं नोंद घ्यावी.

पाचोडहून वहिनींचा फोन आला. "भाऊजी, कंपनीचा माणूस आलाय. आपलं मशीन पुन्हा पहिल्यासारखं करतो म्हणतोय. या लवकर!"

वहिनी तिथं दूध संकलन केंद्र चालवतात. दुधाचं माप आणि फॅट दाखवणाऱ्या मशीनचा स्क्रीन फक्त आत बसणाऱ्याला दिसायचा. आतून सांगितलेला आकडा बाहेर किटल्या घेऊन उभ्या असलेल्या बायांनी गुमान ऐकायचा. परवा मी त्या मशीनमध्ये कंपनीच्या सिस्टीमऐवजी मोबाईलवर चालते तशी ओपन सोर्स सिस्टीम टाकली, म्हणजे जिचा कोड कुणीही वाचावा, बदलावा अशी. मग खिडकीत दुसरा स्क्रीन लावून तोच आकडा बाहेर दाखवला.

मी पोचलो तेव्हा कंपनीचे साहेब वहिनींना सुनावत होते, "अशी छेडछाड चालत नाही. वॉरंटी गेली तुमची."

"होती तवा तरी कुठं कामाला आली?" वहिनी म्हणाल्या.

रांगेतल्या गयाबाईंनी किटलीचं झाकण लावलं. "साहेब, आकडा झाकला तर दूध माघारी नेते म्या."

मागून सगळ्या म्हणाल्या, "आमीबी!"

साहेबांनी लॅपटॉपची बॅग उघडलीच नाही.

मशीन आम्ही विकत घेतलंय. मग त्यानं कुणाला काय दाखवायचं, हे कंपनी का ठरवणार? तुमच्या घरातही असतील अशी यंत्रं, तुमची असून तुमचं न ऐकणारी. तुम्ही काय करता त्यांचं?

ही सिस्टीम फुकट देणाऱ्या अनोळखी मंडळींकडे मराठी मेनू नव्हता. घरी आल्यावर तो लिहून पाठवला.