मा-टिरोची न दिसणारी गुरं

आमच्या मोसेत्लेंग गावात कोणाकडे किती गुरं आहेत हे विचारायचं नसतं. संध्याकाळच्या धुळीवरून ते कळतं. मा-टिरोच्या, म्हणजे माझ्या सासूच्या वाटेवर धूळ उडत नाही. तिची जनावरं टेकडीमागे उंच तारेच्या कुंपणात असतात, हाकेला ओ देत नाहीत, आणि कधीकधी आठवडाभर दिसतही नाहीत. नळावरच्या बायका मुद्दाम विचारतात, "काय मा-टिरो, आज तरी भेटली का तुझी गुरं?"

"ठसे भेटले," ती बादली उचलत म्हणते. "बरी आहेत."

ही जनावरं म्हणजे क्वालाटा. जवळजवळ घोड्याएवढं हरीण. नर काळाकुळकुळीत, पोट पांढरं, आणि शिंगं पाठीकडे वळलेली, जणू मागे कोणीतरी हाक मारली आहे. चावडीत गाव जमवायला फुंकतात ते शिंग याचंच. लहानपणी मा-टिरोने आजोबांना विचारलं होतं, "या शिंगाचा प्राणी कुठे असतो?" आजोबा म्हणाले, "या टेकडीवर असायचा." त्यांनीही तो पाहिलेला नव्हता. गावाला हाक मारणारं शिंग आहे आणि शिंगाचा धनी नाही, हे तिला काही पचलं नाही.

नवरा वारल्यावर वर्षभराने तिने त्याची गुरं विकली, टेकडीची जमीन भाड्याने घेतली, परवाने काढले आणि मारिकोकडच्या एका लिलावातून एक नर नि काही माद्या आणल्या. दीर भडकले. "भावाने गोठा भरला, वहिनीने तो रानात सोडला! दूध देतात का?"

"वासरापुरतं."

"नांगर ओढतील?"

"तुम्ही ओढता का?"

तिचा हिशेब सरळ होता. तरणे नर रानजनावरं पाळणाऱ्या जमीनवाल्यांना विकायचे, माद्या ठेवायच्या. घर चालेल, टेकडीही भरेल. हौस आणि हिशेब तिच्याकडे एकाच ताटात जेवतात. काही वर्षं ते जेवलेही पोटभर. मग जो तो क्वालाटा पाळू लागला आणि भाव कोसळले. नेमकी त्याच साली तिच्या मुलाने, टिरोने मला मागणी घातली.

आमच्याकडे मुलीच्या घरी नवऱ्याकडून बोगादीची, म्हणजे वधूमूल्याची गुरं पोचल्याशिवाय लग्न लागत नाही. हल्ली पैसेही चालतात, पण लेबांग मामांना नाही. माझ्या आईचे ते थोरले भाऊ, बोलणी त्यांच्या शब्दावर. "नोटा रवंथ करत नाहीत," ते म्हणाले. "जनावर हवं. चार पायांचं." त्या भावात तेवढी गुरं घ्यायची तर मा-टिरोला सगळा कळप विकावा लागला असता. टिरो म्हणाला, विकू. ती म्हणाली, "आधी मामांना येऊन बघू दे. चार पाय माझ्याकडेही आहेत."

तिने जुन्याच रीतीवर बोट ठेवलं होतं. गुरं एकाची, राखणारा दुसरा, वासरं मालकाची. अशी राखणीला दिलेली गुरं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतात. माद्या बोगादीत मामांच्या होतील, पण राहतील तिच्या कुंपणात. त्यातली एक नुकतीच व्यायली होती.

मामांना गाडी येत नाही. नवरीने बोलणीत नसायचं असतं. म्हणून ठरलं की मी गाडी चालवायची, पण तिथे नसायचं. त्या दुपारी पाणवठ्याशी मी गाडीत, काच खाली करून, 'नव्हते'.

बराच वेळ काहीच झालं नाही. मा-टिरोने थर्मासमधला चहा ओतला. मग गवतातून काळसर तांबूस माद्या एकेक पाऊल तोलत पाण्यावर आल्या. मामांच्या हातातला कप तोंडाशी न जाता थांबला.

"यातली व्यालेली कोणती?"

"ती, कान फाटका."

"वासरू?"

"लपवलंय. पहिले काही आठवडे लपवूनच ठेवते."

"विहीणबाई," मामा हसले, "म्हणजे अजून झाला नाहीत, पण म्हणतो. न दिसणारं वासरू मी कसं मोजू?"

"मोजू नका. विश्वास ठेवा."

"विश्वासाला कान नसतो." त्यांनी खिशातून चाकू काढला. बोगादीच्या जनावराच्या कानाला आपली खूण केली की ते आपलं. "गुरं राखूनच म्हातारा झालो. गाय वासरू कुठे ठेवते ते गायच सांगते. ती बघा, तिसऱ्यांदा त्या बाभळीकडे मान वळवली."

"मामा, जाऊ नका. ही गाय नाही," मा-टिरो म्हणाली.

"आत्ता तर गाय म्हणून देत होता!"

ते गेले. आणि वासरू होतं तिथेच, गवताच्या रंगाचं, मान जमिनीला चिकटवून. मामा वाकले. वासरू ओरडलं. मला आधी फक्त गवत दुभंगताना दिसलं, मग मामांची टोपी, मग खुद्द मामा बाभळीवर. त्या वयात, त्या काट्यांत! खाली मादीने गुडघे टेकले आणि शिंगांनी बुंधा खरवडला.

"अहो विहीणबाई! आवरा तुमची गाय!"

मा-टिरो गाडीत बसत होती. "मोसिडी, हळूहळू झाडाखाली घे. हॉर्न नको." गाडी मध्ये आली तशी मादी चार पावलं मागे सरली, निघून मात्र गेली नाही. मामा फांदीवरून मागच्या हौद्यात उतरले. कोपरं रक्ताळलेली, चाकू गवतात कुठेतरी.

आता टोमणा मारायची पाळी तिची होती. तिने थर्मासमधला उरलेला चहा त्यांच्यापुढे केला. मला वाटलं, कळप गेला.

मामा मादीकडे बघत होते. "लढताना गुडघे टेकते?"

"हो."

"का?"

"माहीत नाही. मीही तेच बघत असते."

"आणि चावडीतलं शिंग... ते हेच?"

"हेच. नराचं असेल. लांब आहे."

मामांनी बाहीतला काटा उपसला. "माझ्या बापाने मला ते शिंग फुंकायला शिकवलं. मला वाटायचं, कुठल्यातरी बैलाचं असेल." मग म्हणाले, "कान कापायचा नाही. राहू दे तसाच."

"मग तुमची कोणती, ओळखणार कसं?"

"मला झाडावर चढवणारी एकच आहे."

चावडीत त्यांनी जाहीर केलं, बोगादी पोचली. कोणीतरी विचारलं, कुठे आहे? मामा म्हणाले, "जा, शोधून दाखव. बाभळीच्या जवळ राहा."

आमच्या लग्नाला आता बरेच पावसाळे झाले. भाव अजून पुरते सावरलेले नाहीत. रविवारी मामा येतात, मला घरात गाठून आधी विचारतात, "माझी दिसली का?" मग दोघं थर्मास घेऊन पाणवठ्यावर जाऊन बसतात. परवा मी हाक द्यायला गेले, तर मा-टिरो ओठांवर बोट ठेवून मला खाली बसवत म्हणाली, "थांब. फाटक्या कानाची दोनदा उगवतीकडे बघून गेली."

"तीनदा," मामा कुजबुजले.