वाऱ्यावरची चूल
काल शेजारी भज्याचा वास सुटला अन् बीबी गावचा आठवडी बाजार आठवला. आमचा भज्याचा धंदा चालत नव्हता. त्या बाजारीही माल उरला असता तर मी खामगावच्या कापसाच्या जिनात हमालीले जाणार होतो. वारा लागू नये म्हणून चूल भिंतीआड मांडून मी घसा फोडत होतो. बायको म्हणाली, “काऊन वरडून राह्यले? चूल उघड्यावर काढा, वास तुमच्यापेक्षा लांब जाते.” मी म्हणलं, “जाळ इझन ना!” “मी बसते वाऱ्याले पाठ देऊन.” पहिला घाणा तळला अन् मोटारीतून उतरलेले लोक सरळ आमच्याकडेच वळले. ती हसली, “आता वरडा, बसा म्हणून!” हमाली टळली. ती गेल्यापासून माह्या घरची चूल थंडच हाये, तरी काल त्या वासामागं उठून मी पार शेजाऱ्याच्या दारापर्यंत गेलो.