अमेरिकेची पत्रकं आणि नानांच्या मळ्यातली भरीत पार्टी

परवा भडगावजवळच्या एका मळ्यात भरीत खाता खाता मी एक क्रांती पाहिली. खोटं नाही सांगत... थांबा, नीट सांगतो.

मी धुळ्याचा. बी.ए. अर्धवट सोडलेलं, पाय एका जागी टिकत नाहीत. गिरणाकाठच्या एका गावात माझा मित्र दहावीच्या पोरापोरींचा मोफत क्लास चालवतो. त्याला सहज भेटायला गेलो, तर म्हणाला, "मी पुण्याला परीक्षा देऊन येतो, तोवर तू सांभाळ." हातात कागदांचा गठ्ठा दिला आणि गेलासुद्धा!

गठ्ठ्यात काय, तर अमेरिकेतल्या लोकांनी इंग्रजांच्या राजाविरुद्ध छापलेली जुनी पत्रकं, मराठीत करून. आपलं म्हणणं दुसऱ्याला पटेल असं कसं लिहायचं, हे त्यातून शिकवायचं होतं. मी आधी वाचायचो, मग शिकवायचो... कधी कधी शिकवता शिकवताच वाचायचो.

पहिल्याच दिवशी सांगितलं, "समजा तुम्ही तिथले आहात. राजा मनाला येईल तो कर लावतोय. लिहा त्याला खणखणीत!" वह्या गोळा केल्या आणि हसून हसून पोट दुखलं. सगळ्यांनी एकच लिहिलेलं... 'प्रति, माननीय राजेसाहेब. विषय : स्वातंत्र्य मिळणेबाबत. महोदय, सविनय विनंती की...' आणि खाली, 'आपला आज्ञाधारक'!

आपल्या शाळांनी अर्ज लिहायला असा शिकवलाय की बंडसुद्धा परवानगी मागून होणार.

वर्गात वाचून दाखवलं तेव्हा सगळे हसले, पण पोरींतली मुस्कान हसली नाही. तिचे अब्बा गाद्या-रजया भरतात. थंडीत त्यांचा सीझन, त्यामुळे घरभर कापूस. अभ्यासाला जागा म्हणजे गावची अभ्यासिका. पण तिथे पोरं आठपर्यंत बसतात आणि पोरींना पाचला उठवतात. हा नियम नानांचा. नाना म्हणजे अभ्यासिकेच्या कमिटीचे अध्यक्ष, गावातला वजनदार माणूस.

पोरींनी नानांना अर्ज दिला होता. नाना "बघू" म्हणाले आणि अर्ज खिशात गेला. बोर्डाची परीक्षा तोंडावर, आणि "बघू" काही संपेना.

मग क्लासमध्ये पुढचा भाग आला. ते अमेरिकेतले लोकही आधी राजाला अर्जच करत होते म्हणे. राजानं दाद दिली नाही. मग त्यांच्यातल्या काहींनी राजाला अर्ज करणं सोडलं आणि आपल्याच शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी लिहायला घेतलं. साध्या भाषेत, कुणालाही कळेल असं. लोक ते खानावळीत मोठ्यानं वाचून दाखवायचे... इथे मी चहाच्या टपरीवर पेपर वाचणाऱ्या म्हाताऱ्यांकडे घसरलो आणि बराच वेळ तिकडेच राहिलो. गाडी परत रुळावर मुस्काननंच आणली.

"भाऊ, म्हणजे आपण अर्ज चुकीच्या माणसाला दिला."

मी म्हटलं, "मग बरोबर माणूस कोण?"

परवा नानांच्या मळ्यात भरीत पार्टी होती. दर हिवाळ्याला ते अख्ख्या गल्लीला बोलावतात. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती, पुरुष मंडळी लाकडी बडगीत भरीत ठेचत होती, बायका पुऱ्या तळत होत्या. मी चौथ्या-पाचव्या पुरीवर असेन, तेवढ्यात मुस्कान उठली.

मला वाटलं नानांकडे जाईल. तिनं नानांकडे चक्क पाठ केली आणि पुऱ्या तळणाऱ्या बायकांसमोर जाऊन उभी राहिली. आणि भाषा? वहीतली नाही, गल्लीतली.

"अक्का, मन्हा घरमा बठ्ठा कापूस शे. वही उघाडी का कापूस, पुस्तक उघाडं का कापूस. मी अभ्यासले कोठे बसू? तुमन्या पोरी तरी कोठे बसतस? पोऱ्या आठपर्यंत, आम्ही पाचलेच का बरं?"

बडगीचा आवाज थांबला.

नाना मागून म्हणाले, "पन अंधारामा पोरी घर कशा जातीन? काही झायं तं जबाबदारी कोनी?"

खरं सांगतो, याचं उत्तर आमच्या गठ्ठ्यात नव्हतं.

तेवढ्यात झारा हातात धरूनच एक बाई उठल्या. अक्का... नानांच्याच मिसेस! म्हणाल्या, "मन्ही जबाबदारी. सोमवारे पोरीसले घर लई जावाले मी येसू."

"मंगळवारे मी," शेजारची म्हणाली. मग तिसरी, मग चौथी. पुऱ्या करपायला लागल्या तरी कुणाचं लक्ष नाही. मुस्कानचे अब्बा लांबून म्हणाले, "इतवार हमारा!"

नानांनी सगळ्यांवर नजर फिरवली. "बठ्ठा मन्हाच विरुद्ध शेतस का?"

"तुमना विरुद्ध कोनी नई," अक्का म्हणाल्या, "पोरीसना बाजूनं शेतस. जेवा आते."

नाना हसले. "बसा मंग आठपर्यंत." अख्ख्या गल्लीसमोर बोलले, आता 'बघू' नाही! पोरींनी अशी आरोळी ठोकली की शेजारच्या मळ्यातली कुत्री भुंकायला लागली. मीही ओरडलो, अगदी बेसूर.

काल सोमवारी, संध्याकाळी सातला अभ्यासिकेत डोकावलो. पोरींचं टेबल भरलेलं. दाराशी अक्कांची चप्पल, आणि अक्का आत आरामात पेपर वाचत बसलेल्या. मी कौतुकानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर मुस्काननं पुस्तकातून मान वर न काढता ओठांवर बोट ठेवलं.

मास्तरला गप्प करता येईल इतकी ती जागा आता तिची झाली... याहून मोठी गुरुदक्षिणा मला नको. थँक यू, पोरींनो.