आत्याची खोली

गावात कपडे शिवणारी एकच बाई, आणि तिला सगळं गाव आत्या म्हणायचं. खरी आत्या ती एकाचीच, भावाच्या मुलाची. संसार मोडल्यावर ती माहेरी परतली तेव्हा भावाने अंगणाचा कोपरा दाखवला आणि म्हणाला, इथे बांध, तुझंच आहे. शिलाईच्या पैशातून तिने एक खोली उभी केली. कागद करायचं कोणाच्या मनातही आलं नाही. घरातल्या घरात कसला कागद?

आता भाऊ राहिला नव्हता आणि कागदाची वेळ आली होती. ड्रोनने गावाची मोजणी व्हायची होती. ज्याने त्याने आपल्या घराभोवती चुन्याची रेघ मारायची. रेघेच्या आत जेवढं, तेवढं त्याच्या नावावर. भाच्याने घर, अंगण आणि आत्याची खोली, सगळ्याला मिळून एकच रेघ मारली. आत्याने दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा तो हसून म्हणाला, सगळं तुझंच तर आहे. आता असं बोलणाऱ्याशी भांडायचं तरी कसं? इतकी वर्षं तिनेही ते खरंच मानलं होतं.

मोजणीचे साहेब आले. खोलीकडे बोट करून त्यांनी विचारलं, इथे कोण राहतं?

"आत्या आहे माझी," भाचा म्हणाला. "आमच्याकडेच असते. तिला दुसरं कोण आहे?"

बोलण्यात वाईट काही नव्हतं, उलट मायाच होती. पण ज्याचा शाळेचा पहिला सदरा तिने याच खोलीत शिवला, त्याने चारचौघांत तिला आश्रित करून टाकलं होतं. ती उठली, चुन्याची बादली उचलली आणि खोलीभोवती रेघ मारत गेली, कापडावर खडू फिरवावा तशी सरळ. भाच्याचं तोंड एवढंसं झालं.

"मनावर घेऊ नका, साहेब," तो पुटपुटला.

"घ्या मनावर," आत्या म्हणाली. "खोली माझी आहे."

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. दोन रेघा म्हणजे वाद, आणि वाद मिटेपर्यंत दोघांनाही कागद नाही, एवढं सांगून ते शेजारच्या घरी गेले. हे आत्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर हात आखडला असता का, हे तिचं तिलाही सांगता येईना.

दुपारी भाचेसून दारात येऊन उभी राहिली. तिच्या मुलीचा फ्रॉक मशीनवर अर्धाच शिवून होता. झालाय तसा द्या, म्हणाली. आत्याने दोरा तोडला, फ्रॉकची घडी घातली.

"बाह्या राहिल्यात अजून."

"बाहेर लावून घेऊ."

गावात शिवणारं दुसरं कोणी नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं.