तो 'सोड' म्हणाला

बायकोला नाही, भावाला नाही, मित्रांच्या बैठकीत चार घोट पोटात गेल्यावरही नाही — हे माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही विलासला ओळखत नाही. बघा, सुरुवातच कशी भित्री झाली.

विलास माझा शाळेपासूनचा दोस्त. मिरजगावच्या अलीकडं आमची वस्ती, वस्तीखाली पाझर तलाव. नव्वदचं दशक संपत आलं होतं, आमची बारावी नुकतीच झाली होती. महिनाभरानं नगरला फौजेची भरती होती आणि विलास रोज पहाटे डांबरीनं पळायचा. तो निवडला जाणार हे सगळ्या वस्तीनं धरूनच ठेवलं होतं. माझी छाती मापात बसत नव्हती. हेवा वाटायचा का? वाटायचा. पण पुढं जे झालं ते हेव्यानं नाही झालं.

गावातल्या हॉटेलात केबल नवीनच आली होती. तिथं त्यानं कुठल्यातरी समुद्रावरचा एक माणूस पाहिला — पायाखाली फळी, हातात भला मोठा पतंग, आणि वारा त्याला पाण्यावरून ओढत नेतोय. झालं! खताच्या गोण्या उसवून, बांबूच्या कामट्या लावून पठ्ठ्यानं तसलाच थोरला पतंग, माणसापेक्षा उंच वावडी बांधली. जुन्या दाराची फळी घेतली. वावडीचा दोर कमरेला बांधला, तोही सुटणार नाही अशा गाठीनं. दोर सुटेल याचीच आम्हाला काळजी. तो सुटला नाही तर काय, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

दुसरा एक दोर त्याच्या कमरेपासून मागं, काठावर माझ्या हातात. ठरलं होतं ते एवढंच — तो 'सोड' म्हणाला की ढील द्यायची, 'धर' म्हणाला की शेजारच्या बाभळीला वेढा घालून त्याला रोखायचं.

त्या वर्षी मे महिन्यातही तळ्यात पाणी टिकून होतं. चार-पाच दिवस हलक्या वाऱ्यात मजा आली. दहा-बारा हात सरकायचा आणि धपकन पडायचा. मग त्या दुपारी वळवाचं आभाळ आलं. वारा सरळ नव्हता — पार थांबायचा, आणि मग मागून कुणी ढकलावं तसा एकदम यायचा. अशा वाऱ्यात साधा पतंगही कुणी काढत नाही. मी म्हणालो का, आज नको? म्हणालोच नाही. वस्तीवरची माणसं बघायला जमली होती, त्यांच्यासमोर मला भित्रा ठरायचं नव्हतं.

विलास पाण्यात उतरला आणि धुळीचा लोट उठला. बघे तोंड झाकून पळाले, काठावर मी एकटाच राहिलो. पुढच्या झटक्याला वावडीनं त्याला पाण्यातून वर उचललं. माझ्या हातातला दोर ताठ झाला, मी दोन पावलं फरफटलो. बाभूळ हाताशी होती. एक वेढा घालायचा होता, एकच —

मी दोर सोडून दिला.

पलीकडं भरावाचे दगड होते. वाऱ्यानं त्याला तिथवर नेऊन आपटलं. गुडघ्याचा चुरा झाला, डोक्याला मार बसला. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आला, तेव्हा त्या दुपारचं त्याला काही आठवत नव्हतं.

त्याआधीच त्याच्या वडलांनी मला विचारलं होतं, दोर कसा सुटला म्हणून. मी सांगितलं, "त्योच 'सोड' म्हनला." त्याची आई शेजारी होती. तिनं माझे हात हातात घेऊन उलटेपालटे करून बघितले. तळव्यावर साधा ओरखडा नव्हता.

"तुला तरी काय लागलं न्हाई, बरं झालं," ती म्हणाली.

भरती गेली. विलास पाय ओढत चालायला लागला, हायवेला पंक्चरचं दुकान टाकलं. वडील मरेपर्यंत त्याला टोचून बोलले — स्वतःच्या तोंडानं 'सोड' म्हणालास, आता कुणाला बोल लावतोस? तो मान खाली घालून ऐकायचा. कधी कधी माझ्यासमोर. मी काय करायचो? समोर आलेला चहा प्यायचो.

तो 'धर' म्हणाला होता. दोनदा. मला स्वच्छ ऐकू आलं. दुसऱ्यांदा तर माझं नाव घेऊन म्हणाला.

मागच्या वर्षी दुकानात आम्ही दोघंच होतो. ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे बघत होता. मान वर न करताच त्यानं विचारलं, "खरं सांग, मी 'सोड'च म्हनलो हुतो ना?"

इतक्या वर्षांत त्यानं पहिल्यांदाच विचारलं. वडील गेलेले, रागवायचं वय दोघांचंही सरलेलं. सांगायला याहून सोपी वेळ कुठली?

"व्हय," मी म्हणालो.

तळ्यावर मी निदान घाबरलो तरी होतो.